कमलाताईंचे ऋण

मूल उशिरा बोलते, उशिरा चालते हे ध्यानी येताच उपचार सुरू व्हावे लागतात. पहिली तीन वर्षे मेंदूच्या जडणघडणीची. ती वाया गेली की पुढची वाट खडतर. नवी मुंबई याबाबतीत भाग्यवान म्हणावी लागेल. खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे विभागीय केंद्र आहे, वाशीत महापालिकेचे ‘ईटीसी’ केंद्र आहे. परंतु केंद्र म्हणजे केवळ इमारत नव्हे. तेथे थेरपिस्ट हवेत आणि आपले अनेक थेरपिस्ट परदेशाची वाट धरतात.

त्यांना दूषणे देण्यात अर्थ नाही. अमेरिकेने १९८६ सालीच तीन वर्षांखालील बालकांच्या उपचारांना कायद्याचे अधिष्ठान दिले. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघर येथून सुरू झाला, जिल्हा केंद्रे ठरली. पण तेथील नेमणुका बहुधा कंत्राटी. अनिश्चिततेवर सेवाव्रत किती काळ तगणार?

तरीही एक इतिहास विसरता येत नाही. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी विवाहानंतर कमलाताई निंबकर झाल्या. मायदेशी जाऊन त्या ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या, आणि परत येऊन १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी आशियातील पहिले विद्यालय सुरू केले. परक्या भूमीत जन्मलेल्या स्त्रीने ही भूमी आपली मानली. मग येथेच जन्मलेल्यांनी काय करावे?

शासनाने कायम पदे व सन्मानाचे वेतन द्यावे. तरुणांनीही परदेशी अवश्य जावे, शिकावे; मात्र ती विद्या घेऊन परतावे. कमलाताईंचे ऋण फेडण्याचा हाच मार्ग आहे.