संशय म्हणजे पुरावा नव्हे

सकाळी दुकान उघडावयास जावे, तो शटर वाकलेले आणि गल्ला रिकामा. अशा वेळी व्यापाऱ्याच्या तोंडी पहिले नाव येते ते ज्याच्या हाती किल्ली असते त्या नोकराचे. ते नाव फिर्यादीत देण्यापूर्वी त्याचा अर्थ जाणून घ्यावा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये घरफोडीची व्याख्या आहे. भिंत फोडून, खिडकीतून वा कुलूप उघडून गुन्ह्याच्या हेतूने आत शिरणे म्हणजे घरफोडी. दुकान व गोदामही त्यात येतात. चोरीसाठी घरफोडी केल्यास कलम ३३१ प्रमाणे १० वर्षांपर्यंत, आणि ती सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केल्यास १४ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

आरोप सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो. कोणी प्रवेश केला, कोणत्या हेतूने केला आणि आरोपी तोच मनुष्य आहे काय, हे सारे निःसंशय सिद्ध व्हावे लागते. पोलिसांपुढील कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. मात्र त्यातून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधापुरता भाग ग्राह्य होतो. चोरीनंतर लवकरच माल ज्याच्याजवळ सापडेल, त्याला तो कोठून आला हे सांगता आले नाही, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते. बिनबिलाचा स्वस्त माल घेणारा व्यापारी असाच एके दिवशी आरोपीच्या जागी उभा राहतो.

अटक झालेल्यास अटकेचे कारण कळण्याचा, वकिलाला भेटण्याचा आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले जाण्याचा हक्क आहे. कोठडीतील व्यक्तीस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. मदतीचा दूरध्वनी १५१००. आरोपी आपला मुलगा असो वा आपला नोकर, पहिल्याच दिवशी वकील गाठावा आणि न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नये.

फिर्यादीत जे पाहिले तेच लिहावे: कुलपाची स्थिती, वेळ, गेलेल्या मालाची यादी, बिले, कॅमेऱ्यातील चित्रण. किल्ल्या कोणाकडे होत्या, हे विचारल्यास खरे सांगावे. संशय असेल तर तो संशय म्हणूनच, कारणासह नोंदवावा. अठरा पापस्थानांत अभ्याख्यान, म्हणजे खोटा आळ घेणे, उगाच गणलेले नाही. गेलेला माल पुन्हा मिळविता येतो. निर्दोष माणसाची गेलेली अब्रू सहसा परत येत नाही.