मेणाची वडी आणि उन्हाळ्याचा प्रवास

प्रवासास निघताना काचेची वस्तू आपण कपड्यांच्या घडीत जपून ठेवतो, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतो आणि औषधाच्या बाटलीचे बूच दोनदा दाबून पाहतो. फुटणाऱ्या नि सांडणाऱ्या वस्तूंची काळजी कशी घ्यावी, हे आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. परंतु जी फुटत नाही, एरवी सांडतही नाही, आणि तरीही प्रवासात हमखास नासते, अशा एका वस्तूविषयी आज वाचकांशी चार शब्द बोलावयाचे आहेत. ती म्हणजे सर्फिंगच्या फळीला लावावयाच्या मेणाची वडी.

फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटेवर स्वार होण्याचा हा खेळ आता आपल्याकडे अपरिचित राहिलेला नाही. चेन्नईजवळचे कोवलम, महाबलीपुरम, कर्नाटकातील मुल्की, केरळातील वर्कला येथे तो शिकविला जातो. टोकियो येथे २०२१ साली पार पडलेल्या ऑलिंपिकमध्ये त्याचा प्रथमच समावेश झाला. त्यामुळे समुद्रापासून दूर असलेल्या नागपूर-इंदूरकडील घरांतूनही मुलेमुली सुटीत फळी घेऊन निघू लागली आहेत.

शिकाऊ मुलांच्या मऊ फळीस बहुधा मेण लागत नाही; पुढे कठीण, गुळगुळीत फळी आली की ते अत्यावश्यक होते. ओल्या फळीवर पाय ठरत नाही. मेण घासले असता तिच्यावर बारीक कणांचा खडबडीत थर बसतो आणि पावलास पकड मिळते. पाण्याच्या उष्णतामानाप्रमाणे या मेणाचे निरनिराळे प्रकार असतात. थंड पाण्याचे मेण मऊ, तर उष्ण पाण्याचे कठीण. आपल्या दक्षिण किनाऱ्यावर उष्ण पाण्याचेच घ्यावे. मऊ मेण तेथे लोण्यासारखे पघळते.

माझ्या भाच्याचा अनुभव सांगतो. गेल्या वर्षी मे महिन्यात तो नागपूरहून चेन्नईस निघाला. स्टेशनवर जाण्यापूर्वी सामान भरलेली मोटार दोन तास उन्हात उभी होती. बाहेर चाळीस अंश उष्णता असली तर उन्हातील बंद मोटारीत ती साठ अंशांच्या घरात जाऊ शकते. वर्तमानपत्रात गुंडाळलेली वडी वितळली आणि कपड्यांत मुरली. किनाऱ्यावर पोहोचल्यावर त्याने घरगुती मेणबत्ती घासून वेळ मारून नेली. पण मेणबत्तीचे मेण फार कठीण; त्याची पकड अपुरी. दुसऱ्याच लाटेला पाय निसटला, हनुवटी फळीवर आपटली आणि तीन टाके पडले. आठ दिवसांची सुटी त्याने वाळूत बसून काढली.

तात्पर्य इतकेच, की या वस्तूला मोडण्याचे भय नाही. भय आहे ते उष्णतेचे. तेवढे ध्यानी ठेवले की पुढील सर्व गोष्टी आपोआप सुचतात.

प्रत्येक वडी मूळ वेष्टनासह मेणकागदात गुंडाळावी आणि घट्ट झाकणाच्या साबणाच्या डबीत ठेवावी. डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सामानाच्या मध्यभागी, सुती कपड्यांच्या घड्यांत ठेवावी. बाहेरच्या कप्प्यात कदापि नको. घड्यांमुळे उष्णता आत लवकर शिरत नाही, आणि मेण वितळलेच तरी ते डबीतच राहते. थिजल्यावर ते पुन्हा कामी येते. लांबच्या प्रवासात रुंद तोंडाचा थर्मास मिळाला तर उत्तमच. आगगाडीत उन्हाच्या बाजूची खिडकी टाळावी.

फळीवरचे जुने मेणही निघण्यापूर्वी काढून टाकावे. अन्यथा ते तिच्या पिशवीत वितळून सर्वत्र माखते. फळी काही मिनिटे उन्हात ठेवून मेण मऊ होऊ द्यावे, प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाच्या कडेने खरवडावे, खोबरेल तेलाच्या फडक्याने उरलेले पुसावे आणि शेवटी साबणाच्या पाण्याने धुवावे. तेलाचा ओशटपणा राहिला तर नवे मेण धरत नाही.

विमानप्रवासात वडी हा घनपदार्थ असल्याने द्रवपदार्थांच्या मर्यादेत येत नाही. तरी तपासणीत शंका येऊ नये म्हणून वेष्टनावरील नाव वाचता येईल असे ठेवावे. मेण काढण्यासाठी पेट्रोल किंवा रॉकेल मात्र सोबत घेऊ नये. असे ज्वालाग्राही पदार्थ रेल्वेत व विमानात नेण्यास मनाई आहे.

कपड्यास मेण लागलेच तर चोळू नये. बर्फ ठेवून ते कडक करावे, चमच्याच्या बोथट कडेने खरवडावे. मग डागाच्या वर व खाली टीपकागद ठेवून, कापडास सोसेल इतकीच गरम इस्त्री फिरवावी. वितळलेले मेण मोरीत ओतू नये. नळीत थिजून ते पाणी तुंबविते. उरलेले तुकडे एकत्र करावयाचे असल्यास वाटीत घालून ती वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावी. विस्तवावर प्रत्यक्ष ठेवू नये; मेण पेट घेते. हे काम मोठ्या माणसांनीच करावे. घरी वडी चुलीपासून दूर, अंधाऱ्या नि थंड कपाटात ठेवावी.

भाच्याची हनुवटी आता बरी झाली आहे. यंदा तो पुन्हा निघाला, तेव्हा त्याच्या आजीने स्वतः डबी निवडून तीत वडी ठेवली आणि वरून दादरा बांधू लागली. “आजी, हे मेण आहे, लोणचे नव्हे,” तो हसून म्हणाला. आजी म्हणाली, “असू दे. तुझा पाय याच्यावरच ठरायचा आहे ना?”

त्याने मुकाट्याने डबी घेतली आणि पिशवीच्या अगदी मध्यभागी ठेवली.