‘हाच तो’ यावर किती विसंबायचे?

कोर्टात साक्षीदाराने आरोपीकडे बोट दाखवून ‘हाच तो’ म्हटले, की बाकीचा पुरावा ऐकणाऱ्याला नुसता उपचार वाटू लागतो. मेंदू चेहरा कसा ओळखतो हे पाहिले, तर त्या बोटावर एवढा भार टाकणे धोक्याचे आहे. कॅलटेकमधील ले चांग आणि डोरिस त्साओ यांनी मकाक माकडांवर केलेले प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. एकेका माणसासाठी एकेक चेतापेशी राखून ठेवलेली असते, ही कल्पना त्यांत टिकली नाही. ठेवण आणि रंगपोत यांच्या मिश्रणातले एखादेच माप प्रत्येक पेशी घेते आणि त्यानुसार कमीजास्त स्पंदने सोडते. अगदी वेगळे दिसणारे चेहरे त्या एका मापात सारखे असले, तर पेशीला ते सारखेच! ओळख पटते ती अशा अनेक मापांच्या बेरजेतून.

कोणी म्हणेल, याच प्रयोगात सुमारे दोनशे पेशींच्या नोंदींवरून, माकड पाहत असलेला चेहरा संगणकाने जवळजवळ हुबेहूब उभा केला; मग यंत्रणा अचूकच नाही का? आहे, पण तो चेहरा माकडाच्या डोळ्यांपुढे होता, आठवणीतला नव्हता. शिवाय समोर असलेला अनोळखी चेहराही आपल्याला चकवतो. ब्रिटनमध्ये रॉब जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना चाळीस छायाचित्रे देऊन माणसांप्रमाणे गठ्ठे करायला सांगितले. चेहरे होते डच प्रसिद्धिवलयातल्या दोनच व्यक्तींचे. त्यांना न ओळखणाऱ्यांनी बहुधा सात-आठ गठ्ठे केले, ओळखणाऱ्या डच लोकांनी जवळजवळ बिनचूक दोन. शाळासोबती वीस वर्षांनी एसटी स्टँडच्या गर्दीत ओळखू येतो आणि त्या भरवशावर आपण क्षणभर दिसलेल्या चोराचीही खात्री देतो. गफलत इथेच होते. अमेरिकेत डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या प्रकरणांत साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखला होता.

मग साक्षीदारच नको म्हणायचे का? तसे केले तर अनेक गुन्हे सिद्धच होणार नाहीत. मात्र आपल्या कायद्यात कोर्टातली ओळख हाच मूळ पुरावा आणि आधीची ओळखपरेड केवळ पुष्टीपुरती. वास्तविक कोर्टात आरोपी कुठे उभा आहे हे सर्वांना ठाऊक असते, तिथे चेहरा ओळखण्याचा कस तो काय लागणार! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५४ नुसार साक्षीदार शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या दिव्यांग असेल तर ओळखपरेडचे चित्रीकरण सक्तीचे आहे. ती सक्ती प्रत्येक परेडला लावावी, आणि गुन्हेगार या रांगेत नसूही शकतो हे साक्षीदाराला आधीच स्पष्ट सांगावे.