हाकेपेक्षा दोरी बरी

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी कुत्रा असेल आणि सुट्टीत त्याला घेऊन तुम्ही माळावर, बांधावर फिरायलाही जात असाल. अशा वेळी त्याला दोरी बांधावी असे मी म्हटले, की आमचे विद्यार्थी हसतात. "सर, हाक मारली की येतो तो!" पूर्वी मीही हेच म्हणत असे. २०१९ च्या डिसेंबरात आमच्या मोतीने बांधावरच्या वाळल्या गवतात नाक खुपसले. आतून कुकरची वाफ सुटावी तसा फुत्कार आला. मी हाक मारली. तो थांबलाही, पण घोणस चावल्यावर.

हाक उशिरा का पोचली? ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. १० मीटरवरच्या मोतीपर्यंत तो सेकंदाच्या चौतिसाव्या भागात पोचला. तेव्हा दोष ध्वनीचा नव्हे. धोका ओळखून माझ्या तोंडून शब्द फुटायला आणि तो ऐकून त्याने पाय आवरायला मिळून सेकंदभर सहज जातो. तेवढ्यात दुडक्या चालीचा कुत्राही ३-४ मीटर पुढे गेलेला असतो. सापाचा दंश तर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास उरकतो! असली गणिते मी वर्गात दरसाल घालतो. बांधावर मात्र मला ती आठवली नाहीत.

काठी आपटत चालावे, हा सल्ला माणसांपुरता ठीक आहे. सापाला बाह्यकर्ण नसतो. जमिनीतील कंपने जबड्याच्या हाडांवाटे त्याच्या अंतःकर्णाला पोचतात. (हवेतील खालच्या पट्टीचे आवाजही त्याला थोडेफार कळतात.) नाग बहुधा निघून जातो. घोणस मात्र आपल्या रंगावर विसंबून जागीच पडून राहते. कोकणातल्या सड्यावर दगडाखाली दडणारे फुरसेही सहसा पळत नाही. त्यात कुत्रा जग पाहतो ते नाकाने, आणि ते नाक जमिनीला टेकलेले! म्हणून त्याला दंश होतो तो बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर.

दीड मीटरची दोरी पुरते. पायवाटेच्या मधून चालावे, अंधार पडू लागला की बॅटरी घ्यावी. मग बिचाऱ्याने मोकळे धावायचे कधी? प्रश्न रास्त आहे. शाळेच्या मोकळ्या मैदानावर, जिथे जमीन स्वच्छ दिसते तिथे, त्याला खुशाल सोडा.

दंश झालाच तर कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. स्नायूंच्या हालचालीने विष लवकर पसरते. आवळून बांधणे, जखम कापणे नको. साप मारायलाही थांबू नका. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवरही चालते आणि माणसाला देतात तेच कुत्र्यालाही देतात. कुत्रा लहान म्हणून मात्रा लहान, असेही नाही. प्रतिविषाला निष्प्रभ करायचे असते ते सापाने सोडलेले विष, आणि साप काही कुत्र्याचे वजन करून चावत नाही.

मात्र प्रत्येक पशुवैद्याकडे ते असतेच असे नाही. मोतीला घेऊन आम्ही दोन दवाखाने फिरलो. तिसरीकडे ते मिळाले तेव्हा अडीच तास उलटले होते. तो वाचला नाही. तुमच्या गावाजवळ ते कोठे मिळते, हे या आठवड्यातच विचारून ठेवा. शिक्षकांनी तो पत्ता शाळेच्या फलकावर लिहिला, तर गावातल्या सर्वांनाच तो कळेल.