हशा आपला, मालिका परक्याची

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आपला माणूस दिसू लागला, की समाजात आपली गणना झाली, अशी एक भाबडी समजूत सर्वच देशांतील उपेक्षित समाजांत आढळते. अमेरिकेतील लॅटिनो समाज तिला अपवाद नाही. मेक्सिको, प्वेर्तो रिको, क्यूबा आदी प्रदेशांशी नाते सांगणाऱ्या या समाजाची संख्या २०२० च्या जनगणनेत सहा कोटी वीस लाखांच्या घरात भरली. म्हणजे साधारणतः दर पाच अमेरिकनांत एक. एवढ्या मोठ्या समाजातील कुटुंबाला मध्यभागी ठेवणाऱ्या विनोदी मालिका मात्र तेथील प्रमुख वाहिन्यांवर थोड्याच झाल्या. त्यांपैकी एक सहा हंगाम टिकली. तिचा नायक जॉर्ज लोपेझ याची कारकीर्द पाहिली, म्हणजे ही समजूत किती फसवी आहे ते कळते.

लोपेझ मूळचा स्टँड-अप विनोदकार. नेपथ्य नाही, सहकारी नट नाहीत. हाती ध्वनिक्षेपक घेऊन उभ्याने श्रोत्यांना हसवावयाचे, असा हा प्रकार. आपल्या एकपात्री प्रयोगाचा तो दूरचा नातलग म्हणता येईल. फरक हा, की आपला एकपात्री कलावंत दहा माणसांची सोंगे वठवितो. तिकडचा बहुधा एकच वठवितो, ते म्हणजे स्वतःचे. लोपेझपाशी या कामासाठी भांडवल भरपूर होते. १९६१ साली लॉस एंजेलिसच्या परिसरात जन्मलेल्या या मुलाला वडिलांनी दोन महिन्यांचा असताना टाकले आणि आईने दहा वर्षांचा असताना. त्याला वाढविले ते आजीने. मायेचा शब्द तिच्या तोंडून सहसा निघत नसे. मुलगा रडू लागला तर ‘का रडतोस?’ असे दरडावून विचारण्याची तिची रीत होती आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला लोपेझने त्या प्रश्नाचेच नाव दिले. त्याचा बहुतेक विनोद या एका प्रश्नाचे लांबलेले उत्तर आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

त्याच्या आधी हा मार्ग चोखाळला होता फ्रेडी प्रिन्झ याने. आई प्वेर्तो रिकोची, वडील जर्मन, वाढ न्यूयॉर्कची. १९७३ च्या डिसेंबरात जॉनी कार्सनच्या कार्यक्रमात हा एकोणीस वर्षांचा मुलगा चमकला आणि पुढच्याच सप्टेंबरात एनबीसी वाहिनीवरील ‘चिको अँड द मॅन’ या मालिकेचा नायक झाला. एका खडूस गोऱ्या म्हाताऱ्याच्या गॅरेजमध्ये काम करणारा मेक्सिकन वंशाचा तरुण, अशी भूमिका. मेक्सिकन समाजाने तक्रार केली, की प्वेर्तो रिकोच्या मुलाने आमचे सोंग का घ्यावे? तक्रार रास्तच होती; पण ती मुलाच्या दारी न नेता निर्मात्यांच्या दारी न्यावयास हवी होती. त्यांच्या हिशेबी लॅटिनो सारे सारखेच! कीर्तीच्या ओझ्याखाली आणि अमली पदार्थांच्या आहारी जाऊन १९७७ च्या जानेवारीत, अवघ्या बाविसाव्या वर्षी, स्वतःच्याच पिस्तुलाच्या गोळीने प्रिन्झचा अंत झाला. लोपेझ तेव्हा पंधरा वर्षांचा होता. प्रिन्झला त्याने आयुष्यभर गुरुस्थानी मानले.

लोपेझला स्वतःची मालिका मिळावयास मात्र चाळिशी गाठावी लागली. अभिनेत्री सँड्रा बुलक हिने २००० साली त्याचा प्रयोग पाहिला, निर्मितीची जबाबदारी घेतली आणि मार्च २००२ मध्ये एबीसी वाहिनीवर ‘जॉर्ज लोपेझ’ सुरू झाली. येथे नायक परक्याच्या गॅरेजमधला गडी नाही. विमानाचे भाग बनविणाऱ्या कारखान्यात कामगार म्हणून राबून तो व्यवस्थापक झालेला आहे, आणि बढती मिळताच त्याच्यापुढे पेच असा पडतो, की त्याच कारखान्यात काम करणारी आई आणि जिवलग मित्र यांच्यापैकी एकाला कामावरून कमी करावयाचे. कचेरीत वा कारखान्यात ज्यांनी उमेदवारी केली आहे त्यांना या विनोदाची धार वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. उच्चारांची टिंगल करून मिळणारा हशा सोपा असतो. बढतीबरोबर आपल्याच माणसांवर चालविण्याची सुरी हाती येते, हे दाखवून हशा मिळविणे अवघड. मालिकेतील आई अर्थात त्या आजीवरूनच बेतलेली आहे. मुलाचा बाप मेला असे खुशाल खोटे सांगणारी, आणि तरीही जिचा राग येऊ नये अशी. प्रत्येक भागाच्या शेवटी समेट घडवावा लागल्यामुळे मूळची जखम पुष्कळदा गुळमट होते, हा दोष मान्य करावाच लागेल.

१२० भागांनंतर, २००७ साली, एबीसीने मालिका बंद केली. त्याच वर्षी त्या वाहिनीवर आली ती एका विमा कंपनीच्या जाहिरातीतील गुहावासी आदिमानवांवरची मालिका. आदिमानवाला जागा आहे आणि चिकानोला नाही, अशा अर्थाचा टोला लोपेझने लगावला. ही आदिमानवांची मालिका काही आठवड्यांतच गुंडाळावी लागली, हे जाता जाता सांगितले पाहिजे. परंतु या टोल्याइतकीच महत्त्वाची एक रुक्ष बाब आहे. लोपेझची मालिका वॉर्नर ब्रदर्सची निर्मिती होती, एबीसीच्या घरची नव्हती. जुन्या भागांच्या पुनःप्रसारणाचे उत्पन्न मालिकेच्या मालकाकडे जाते. म्हणून परक्याचा माल चालविण्यापेक्षा घरचा माल खपविणे वाहिनीला सोयीचे वाटते. जातिद्वेष न बाळगताही असा निर्णय घेता येतो. परिणाम मात्र तोच होतो, कारण मालकांच्या रांगेत लॅटिनो जवळजवळ नाहीतच. रात्रीच्या गप्पांचा त्याचा कार्यक्रम २००९ साली टीबीएस वाहिनीवर सुरू झाला. वर्षभरात कोनन ओब्रायनसाठी त्याला मध्यरात्रीकडे सरकविण्यात आले आणि २०११ साली तोही संपला. पुढच्या दोन मालिका अल्पायुषी ठरल्या, आणि त्या फारशा चांगल्याही नव्हत्या.

मधल्या काळात, २००५ साली, त्याचे मूत्रपिंड निकामी झाले तेव्हा पत्नीने आपले एक दिले. २०११ साली घटस्फोट झाला आणि मुलगी मायन बापापासून दुरावली. ज्याला बापाने टाकले त्याच्यावरच मुलीने बापपणाचा जाब मागण्याची पाळी आली! मायननेही बापाचीच वाट धरली. घरातले दुःख विनोद करून लोकांसमोर मांडले. त्यातून २०२२ साली ‘लोपेझ व्हर्सेस लोपेझ’ ही मालिका उभी राहिली. तीत बाप-लेकीच्या भूमिका त्या दोघांनीच केल्या, आणि बापाला मुलीकडून पुष्कळ ऐकून घ्यावे लागले. प्रिन्झच्या चिकोला १९७४ साली पडद्यावर आणणाऱ्या एनबीसीनेच ती दाखविली. तीन हंगामांनंतर, २०२५ साली, तिनेच ती बंद केली.