भेटीने खेळाडू घडतो काय?

नामवंत बॅडमिंटनपटू गावात आला की त्याला भेटलेल्या मुलांतूनच उद्याचे खेळाडू निघतात, असा समज शाळा, क्रीडा संघटना आणि पालक यांच्यात पक्का रुजला आहे. याच्या अगदी उलट मानणारेही आहेत. अशी भेट म्हणजे निव्वळ देखावा, आयोजकांचे फोटो छापून येतात आणि मुलांच्या पदरात काही पडत नाही, असे ते म्हणतात. ही दोन्ही मते टिकत नाहीत, आणि त्यासाठी पुरावा धुंडाळायला कोल्हापूरच्या बाहेर फारसे जावे लागत नाही.

पहिल्या मताला राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे उदाहरण छेद देते. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, आणि लगेच त्याच्या महेंद्रसिंह धोनीवरील भक्तीची चर्चा सुरू झाली. दोघांनीही रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी केलेली असल्याने बातमीला रंगही चढला. मात्र या भक्तीशी जोडला जाणारा धोनीवरचा चित्रपट आला २०१६ साली, आणि स्वप्नील राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला होता २००९ साली. म्हणजे ही प्रेरणा पोचली तेव्हा सात वर्षांचा सराव आधीच अंगात मुरलेला होता. प्रेरणेने त्याला बळ दिले असेल, पण त्याच्या हाती रायफल दिली ती प्रबोधिनीने.

बॅडमिंटनमध्येही हेच दिसते. पुल्लेला गोपीचंद २००१ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकले आणि ते पाहून पी. व्ही. सिंधू या खेळाकडे वळली, ही कथा सर्वांना पाठ आहे. तिचे आईवडील दोघेही व्हॉलीबॉलपटू होते, तिला सिकंदराबादेत रेल्वेच्या कोर्टवर सरावाची सोय मिळाली, आणि पुढे खुद्द गोपीचंदच तिचे प्रशिक्षक झाले, हा भाग मात्र कथेतून गळतो. गोपीचंदचा विजय त्या वर्षी देशभरातल्या असंख्य मुलांनी पाहिला होता.

तरीही नामवंत खेळाडूचा सहवास निरुपयोगी ठरत नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत दोन सुवर्णपदके जिंकली. तिच्यामुळे नेमबाजीकडे ओढल्या गेलेल्या राही सरनोबतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळवले आणि २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. तेजस्विनी लांबची कोणी नव्हती, ती त्याच गावची होती. ‘आपल्यातल्या एकीला जमले’ हा विश्वास दूरच्या शहरातून विमानाने येणारा पाहुणा देऊ शकत नाही.

तालमींच्या या शहराला तर सहवासाचे मोल वेगळे सांगायला नको. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर मोतीबाग तालमीत वस्ताद होते, आणि दादू चौगुले यांच्यासारखा मल्ल त्यांच्या हाताखाली तयार झाला. तालमीत नाव कमावलेला पैलवान पोरांना लांबून हात हलवून दाखवत नाही. तो त्याच मातीत उतरतो, त्यांना अंगावर घेऊन खेळवतो, चुकलेला डाव तिथल्या तिथे सोडवून दाखवतो. सत्कार समारंभात नेमके हेच राहून जाते. फेटा, शाल, श्रीफळ, चार भाषणे, आणि मग सेल्फीसाठी झुंबड! रॅकेट घेऊन आलेली पोरे ती तशीच पिशवीत घालून घरी परततात.

कोर्टवरची भेट वेगळी असते. दूरचित्रवाणीचा कॅमेरा कोर्टच्या मागून आणि उंचावरून दाखवतो, त्यामुळे फुलाचा, म्हणजे शटलकॉकचा, वेग आणि उंची दोन्ही कमी भासतात. जाळीजवळ उभ्या राहिलेल्या मुलाला जे दिसते ते पडद्यावर सहसा नजरेत भरत नाही : प्रतिस्पर्धी फूल मारण्याच्या क्षणी पायांनी घेतलेली बारीकशी उडी, रॅकेटवरची सैल पकड, ती फटक्याच्या अगदी शेवटच्या क्षणी आवळणे. फुलापाशी आपल्याला उशीर का होतो, हे रोज सराव करणाऱ्या मुलाला यातून कळते. ज्याने अजून रॅकेट धरलेलीच नाही, त्याच्या डोळ्यांसमोरून हे सारे नुसते निघून जाते. भेटीचा उपयोग कोणाला होतो, याचे उत्तर इथे आहे.

नागपूरच्या मालविका बनसोडने सायना नेहवालला आदर्श मानले, आणि जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीच्या इंडिया ओपनमध्ये तिच्याशीच पहिल्यांदा सामना पडला तेव्हा २१-१७, २१-९ असा विजय मिळवला. आदर्श खेळाडूची याहून चांगली भेट कोणती? पण जाळीच्या पलीकडच्या त्या जागेपर्यंत पोचायला मालविकाला अनेक वर्षांचा सराव आणि स्पर्धा पार कराव्या लागल्या.

मोठ्या खेळाडूंना इतका वेळ कुठून मिळणार, हा आक्षेप राहतो, आणि तो रास्त आहे. पण पाहुण्याकडे तासभरच असेल तर त्यातली चाळीस मिनिटे कोर्टवर खर्च करता येतात. आधीपासून नियमित खेळणारी आठ-दहा मुले निवडावीत, प्रत्येकाला चार फटके खेळू द्यावेत, प्रशिक्षकाने बाजूला उभे राहून सूचना टिपून घ्याव्यात आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांवर सराव घ्यावा. हार आणि मंडपावरचा पैसा पिसांच्या फुलांवर घालावा, कारण ती सरावात भराभर तुटतात आणि नवी घेणे सामान्य घराला जड जाते. आणि ऑलिम्पिकपटू मिळालाच नाही, तर राज्य पातळीवर खेळलेला गावातलाच एखादा ज्येष्ठ खेळाडू आठवड्यातून एकदा कोर्टवर आला तरी चालेल. त्याला बोलवायला निमंत्रणपत्रिकाही छापावी लागत नाही.