वीर्य धुण्याची ‘नवी चिप’ : जादा पैसे भरण्याआधी एक प्रश्न विचारा

मुंबई : मूल होत नाही म्हटलं की आपल्याकडची जोडपी परळ-दादर गाठतात. परळच्या केईएम रुग्णालयातच ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नातून मुंबईची पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. आता काही खासगी केंद्रं खर्चाच्या यादीत वीर्य धुण्याची महागडी ‘चिप’ही धरतात. ती घ्यावीच लागते का?

उपचाराआधी वीर्यातले तरतरीत शुक्राणू वेगळे काढतात. ‘स्विम-अप’मध्ये वीर्यावर पोषक द्रव ठेवून नळी ३७ अंशांवर तासभर ठेवतात, पोहणारे शुक्राणू आपणहून वर येतात. ‘ग्रेडियंट’ म्हणजे आपलं भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकण्यासारखं. पोकळ वर, भरीव खाली. इथे दाट-पातळ द्रवाचे थर लावून नळी यंत्रात गरगर फिरवतात. संख्या चांगली असेल तर पहिली पद्धत पुरते. कमी असेल तर दुसरी बरी, जास्त शुक्राणू हाती लागतात. चिपमध्ये यंत्रात न फिरवता बारीक वाटांतून निवड होते. पण अमुकच पद्धतीने जास्त बाळं जन्मतात, हे अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही.

म्हणून पीक विकून आलेला पैसा भरण्याआधी विचारा : आमच्या रिपोर्टमध्ये असं काय आहे, की चिपच पाहिजे? २०२१ च्या कायद्यानुसार केंद्राची नोंदणी सक्तीची आहे, तीही बघा.

आणि दोष सुनेचाच धरून बसू नका. मुलाची वीर्यतपासणी आधी करा. ती सगळ्यात सोपी आहे.